जसं होतं तसंच, फक्त नवं

आमच्या धंद्यात येणारा प्रत्येक ग्राहक पहिल्याच दिवशी एक वाक्य बोलतो: "काहीही बदलू नका, फक्त सगळं नवं करून द्या." हे बोलताना त्यातल्या एकालाही हसू येत नाही. सुरुवातीला मला यायचं. आता मीही गंभीर चेहऱ्याने मान हलवते, कारण याच वाक्यावर माझं पोट चालतं.

मी निकेन. जावातल्या सोलो शहरात, कोंबडीच्या सोतोच्या एका खानावळीच्या डोक्यावर आमचं ऑफिस आहे. खाली रस्सा उकळतो, वर आमची डोकी. लोकांचे जुने प्रोग्रॅम आम्ही नव्या प्लॅटफॉर्मवर नेऊन बसवतो. कुणाचा दवाखान्यातल्या जुनाट डेस्कटॉपवरचा, कुणाची बसच्या तिकिटांची दमलेली वेबसाइट. घर हलवण्यासारखंच काम आहे. भिंती नव्या, छप्पर नवं, आणि मालकाला कॅलेंडरचा खिळा मात्र पूर्वीच्याच जागी हवा. तो बोटभर सरकला की लगेच फोन.

बू मुर्नींचं काम आलं तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग घाईघाईने आपापल्या स्क्रीनकडे. कारण सगळ्यांना माहीत होतं. बू मुर्नींच्या त्या प्रोग्रॅमनेच माझं लग्न मोडलं होतं.

बू मुर्नी, म्हणजे मुर्नीबाई, नवरी सजवतात. सोलोतल्या निम्म्या नववधूंच्या कपाळावरची काळी नक्षी त्यांच्या हातची. पण त्यांचं खरं वजन त्या रंगाच्या डबीत नाही, वेतोन जुळवण्यात आहे. आमच्याकडे माणूस नुसता गुरुवारी जन्मत नाही. सात वारांच्या जोडीने बाजाराचे पाच वार चालतात, आणि दोन्ही मिळून त्याचा वेतोन होतो. मी गुरुवार पोन. प्रत्येक वाराला आकडा ठरलेला. मुलीचे आणि मुलाचे आकडे मिळवायचे, आठाने भागायचं, आणि जी बाकी उरेल ती जन्मभर भोगायची. बू मुर्नींचे वडील म्बाह कर्तो, म्हणजे कर्तोआजोबा, हे सगळं हाताने मांडायचे. ते थकले तेव्हा एका भाच्याने डेस्कटॉपवर प्रोग्रॅम लिहून दिला, आणि तेव्हापासून दुकानातला तो पिवळा पडलेला कॉम्प्युटर जांभळ्या शिक्क्याचे कागद छापत बसला आहे.

दोन वर्षांपूर्वी, ज्याच्याशी माझं ठरत होतं त्या दामारच्या आईने, बू सुमिनार यांनी, आमचा कागद काढला होता. माझे पंधरा, दामारचे दहा. पंचवीस. आठाने भागा, बाकी एक. बाकी एक म्हणजे पेगात, काडीमोड. दामारला आणि मला समोर बसवून त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "पोरी, तुझ्यात खोट नाही. पण मी माझ्या मुलाला डोळ्यांदेखत विहिरीत ढकलणार नाही." म्हणजे विहीर मी.

त्यांच्या डोक्यावर भिंतीवर काचेच्या चौकटीत त्यांचा स्वतःचा कागद टांगलेला होता, म्बाह कर्तोंच्या हस्ताक्षरातला. बाकी दोन. रातू. राजा-राणीचा संसार. आता या राणीचा राजा पंधरा वर्षांपूर्वी बालिकपापानला खाणीच्या कामाला गेला तो परतला नव्हता, आणि तिकडे त्याने दुसरा संसार मांडला आहे हे गल्लीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. पण घरात कुणी विचारलं तर उत्तर एकच, "कामाला गेलेत." मी त्या चौकटीकडे बघत होते आणि माझ्या जिभेवर चांगलं तिखट वाक्य आलं होतं. दामारने टेबलाखालून माझा पाय दाबला. दामार अशा वेळी एवढंच करतो. मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा धिप्पाड गडी, पण आईसमोर भिजलेलं मांजर.

दोन वर्षं आम्ही थांबलो. त्याने दुसरी मुलगी पाहिली नाही, मी दुसरा मुलगा पाहिला नाही, आणि बू सुमिनारांनी कागद फाडला नाही. माझी आई म्हणायची, दुसरं स्थळ बघ. मी म्हणायचे, मला दामारच हवा. हे मोठ्याने बोलायला मला लाज वाटत नाही, तेव्हाही वाटत नव्हती.

तर असा तो प्रोग्रॅम, आणि तो नव्या भाषेत लिहून वेबसाइटवर आणि फोनवर चढवायचं काम माझ्या गळ्यात. आमचे साहेब, मास तोपान, म्हणाले, "म्बाक निकेन, वैयक्तिक गोष्टी दाराबाहेर ठेवायच्या." आमच्याकडे साहेबही मास, म्हणजे दादा, आणि हाताखालची पोरगीही म्बाक, म्हणजे ताई. स्वतः बायकोचा फोन आला की मीटिंग सोडून जिन्यात जाऊन आवाज बारीक करणारा माणूस हा.

दामारला कळलं तेव्हा तो दुकान बंद करूनच आला. ग्रीसने माखलेले हात पुसत म्हणाला, "एवढंसं तर करायचंय. पंचवीसच्या जागी सव्वीस."

"आणि मग सगळ्या सोलोत ज्यांची ज्यांची बेरीज पंचवीस, त्यांचं काय?"

"त्यांचीही लग्नं होतील. बिघडलं काय?"

"दामार, मी हमाल आहे. लोकांचं सामान या घरातून त्या घरात नेते. वाटेत त्यातलं काही काढत नाही आणि टाकत नाही."

"मग हमालाशी लग्न कोण करणार?" तो म्हणाला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

करारात लिहिलं होतं, जसं होतं तसंच. बू मुर्नींनी त्याचा अर्थ अक्षरशः घेतला. जुन्या प्रोग्रॅमची पार्श्वभूमी शेवाळी हिरवी होती, तीच पाहिजे. बाहेर पडायचं बटण वेड्यासारखं मधोमध होतं, मधोमधच पाहिजे. जुना कॉम्प्युटर उत्तर द्यायला घोट घोट पाणी पीत बसायचा, नवा डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर देतो, ते मुळीच चालणार नाही.

"लगेच उत्तर आलं तर लोकांना वाटेल, याने काही मोजलंच नाही," बू मुर्नी म्हणाल्या. "माझे वडीलसुद्धा एक विडी ओढून मगच सांगायचे."

म्हणून आम्ही चांगला धावणारा घोडा घेतला आणि त्याचे पाय बांधणारा कोड लिहिला. त्यावर मास तोपान यांनी ग्राहकाला समजून घेण्याविषयी आम्हाला एक छोटं भाषणही दिलं.

टेस्टिंगला मात्र आम्ही कुठेही कसूर ठेवली नाही. निदान आम्हाला तसं वाटलं. जावानी माणसाचा दिवस मध्यरात्री संपत नाही, सूर्य बुडला की संपतो. संध्याकाळच्या नमाजानंतर जन्मलेलं मूल दुसऱ्या दिवसाचं. बाहेरगावच्या कंपन्या इथे तोंडावर आपटतात, असं मास तोपान यांना कुठूनतरी कळलेलं. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: सूर्यास्त. रोज सकाळी विचारायचे, "सूर्यास्त झाला का?" आम्ही फॉर्मवर जन्मवेळेखाली वेगळा चौकोन ठेवला, 'जन्म सूर्यास्तानंतरचा', आणि त्यावर खूण केली की एक दिवस पुढे. ऑफिसातल्या प्रत्येकाने घरून संध्याकाळी जन्मलेले नातेवाईक शोधून आणले. आत्या, मामे, एकाने तर शेजाऱ्याची दिवेलागणीला जन्मलेली शेळीही घातली. सगळे वेतोन बरोबर आले. सगळं ऑफिस पश्चिमेकडे तोंड करून बसलं होतं, पूर्वेकडे एकानेही पाहिलं नाही.

माझी तारीख मी टेस्टिंगला घातली नाही. दुखऱ्या दाताला जीभ लावायची नाही, असं ठरवलं होतं.

काम पार पडलं. बू मुर्नींनी नारळ-केळी ठेवून, धूप लावून वेबसाइट सुरू केली, आणि आम्ही सगळ्यांनी हात जोडून एका वेबसाइटसमोर डोळे मिटले. तिसऱ्याच दिवशी दुपारी आमच्या जिन्यावर चपलांचा आवाज आला. वर बू सुमिनार. चांगली बातिक नेसलेल्या, घाम पुसत, हातात फळांची एवढी मोठी परडी. मागे दामार, चेहऱ्यावर लॉटरी लागलेल्या माणसाचा बावळटपणा.

"न्दुक," त्या म्हणाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला घरच्या लेकीला मारतात तशी हाक मारली. "मी फोनवर बघितलं. तीनदा बघितलं. मग दुकानात जाऊन शिक्क्याचा कागद काढला. बाकी दोन येतेय. रातू."

"बू, जुन्या कागदावर बाकी एक होती," मी म्हटलं.

"जुनं यंत्र म्हातारं झालं होतं. म्हातारपणी माणसंसुद्धा चुकतात, ते तर यंत्र. तू इतकी शिकलेली, नवं यंत्र तुझ्याच हातचं, आणि तुझाच विश्वास नाही?" परडी त्यांनी माझ्या कीबोर्डवर ठेवली. "मी तुला दोन वर्षं ताटकळत ठेवलं. मला माफ कर. तुझ्या आईला सांग, रविवारी येतो."

मी रडले. कबूल करते, परडीतल्या पपईवर डोकं टेकून रडले, आणि सगळं ऑफिस टाळ्या वाजवत होतं. पण रडता रडताही माझ्या डोक्यातला एक कोपरा शांतपणे म्हणत होता: बाई गं, गुरुवार पोनचे पंधरा. पंधराचे सोळा होत नाहीत. तू काहीतरी मोडलं आहेस.

मंडळी गेल्यावर मी शोधायला बसले. फार शोधावं लागलंच नाही. नवा सर्व्हर आपलं घड्याळ लंडनच्या वेळेवर लावून बसला होता, आणि ते घड्याळ आमच्याहून सात तास मागे. आमच्याकडे पहाटेचे पाच म्हणजे त्याच्या लेखी अजून आदली रात्र. सकाळी सातच्या आत जन्मलेल्या प्रत्येक जावानी माणसाला आम्ही गुपचूप एक दिवस मागे ढकललं होतं. माझ्या आईने मला पहाटेच्या बांगेच्या सुरात जन्म दिला. आईच्या हिशोबाने गुरुवार पोन, सर्व्हरच्या हिशोबाने बुधवार पाहिंग. पंधराचे सोळा, पंचवीसचे सव्वीस, काडीमोडाची राणी.

मी उठून मास तोपान यांच्याकडे गेले आणि सरळ सांगितलं. माझं लग्न त्यावर उभं आहे हेही सांगितलं. त्यांनी खुर्चीत मागे रेलून बोटं मोजायला घेतली.

"प्रोग्रॅम कोसळतोय का?"

"नाही."

"ग्राहकाची तक्रार आहे का?"

"नाही. त्या खुश आहेत."

"मग हा बग नाही, म्बाक. बग म्हणजे ज्याची तक्रार येते तो. आणि तुझंही भलं होतंय. देव देतोय आणि तू त्याला पावती मागतेस?"

"पण गणित चुकतंय, मास."

"गणित. जन्मवाराला आठाने भागून नवरा ठरवतात, त्यात तुला चूक इथे दिसली?" ते हसले. तेवढ्यापुरतं ते खरंही होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी माझ्या जागेवर परत आले. गप्प बसण्यात माझाही फायदा होता, हे काही मी विसरले नव्हते.

रविवारी बोलणी झाली. तारीख धरली, मांडव ठरला, निमंत्रणं छापून वाटली गेली. बू सुमिनार आमच्या आईशी अशा बोलत होत्या जणू दोघी एकाच शाळेत शिकल्या. मी मात्र रात्रंदिवस हिशोब करत होते की सोलोत पहाटे जन्मलेले किती, आणि त्यांतल्या किती जणांची घरं या आठवड्यात मी बांधली आणि किती जणांची पाडली.

उत्तर एका सकाळी जिन्यावरून वर आलं. मास तोपान. डोळे तांबारलेले, शर्ट कालचाच.

"ती वेळेची भानगड," ते म्हणाले, "आजच्या आज दुरुस्त कर. उद्या सकाळी चढवायची."

"का हो, मास? प्रोग्रॅम कोसळला का?"

"निकेन, थट्टा नको."

"ग्राहकाची तक्रार आली?"

त्यांनी खुर्ची ओढली आणि धपकन बसले. बायकोने गंमत म्हणून दोघांचे वेतोन फोनवर घातले होते. मास तोपान जन्मले पहाटेच. लग्नाच्या वेळी म्बाह कर्तोंनी काढलेली बाकी होती शांतीची. नव्या यंत्राने काढली पादू, म्हणजे रोजची भांडणं. त्यावर बायको म्हणाली, मला वाटलंच होतं. तिथून जी सुरुवात झाली ती दहा वर्षांपूर्वीच्या ईदला सासूने दिलेल्या साडेतीन वार कापडापर्यंत मागे गेली, आणि साहेब रात्री पुढच्या खोलीतल्या बाकावर झोपले.

"म्हणजे यंत्राचं बरोबरच आलं," मी म्हटलं. "भांडण तर झालंच."

"यंत्राने सांगितलं म्हणून झालं. यंत्र चुकलंय, हे मला तिला दाखवायचंय. दुरुस्त कर." मग आवाज खाली आणून, "तुझ्या लग्नाचं मला वाईट वाटतंय. पण नियम म्हणजे नियम. गणित चुकलेलं आपल्या नावावर कसं खपवायचं?"

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. लोकांचे संसार उलटेपालटे झाले तोवर ते देवाचं देणं होतं, साहेबांना बाकावर झोपावं लागलं तसं लगेच गणित आठवलं. मी त्यांना हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. उद्या सकाळी."

दुरुस्ती म्हणजे एका ओळीचं काम. दुपारच्या जेवणाआधीच लिहून झालं. बू मुर्नींना फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला काय करायचं ते करा. छापलेला कागद मी परत घेत नाही. वडिलांनीही कधी घेतला नव्हता."

दामार म्हणाला, "बास, मग झालं तर. कागद आईकडे आहे, तिने त्याला प्लास्टिकसुद्धा चढवलंय. तू गप्प बस."

"आणि उद्या तुझी एखादी आत्या फोनवर बघेल तेव्हा?"

"तेव्हाचं तेव्हा."

"दामार, दोन वर्षं मी खऱ्या गणितापायी जळले. आता खोट्या गणितावर जन्मभर धडधडत बसू? रोज वाटणार, आज कळतंय का उद्या. मी आजच तुझ्या आईला सांगणार. तुला येणं जमत नसेल तर मी एकटी जाते."

तो दुकानाचं शटर अर्धं ओढून तसाच उभा राहिला. मी एकटीच गेले.

बू सुमिनार ओट्यावर बसून मांडवाच्या पडद्यांना झालर शिवत होत्या. त्यांनी दाट गोड चहा आणला, खोबऱ्यात घोळलेले गूळ भरलेले लाडू आणले. मी लाडू हातात धरला आणि सगळं सांगून टाकलं. लंडनचं घड्याळ, पहाट, बुधवार. माझे पंधराच आहेत, बाकी एकच आहे. उद्या सकाळपासून यंत्र पुन्हा काडीमोड म्हणेल. लग्न मोडायचं असेल तर आत्ता मोडा, मांडव उभा राहिल्यावर नको.

त्यांनी सुई झालरीत खोचून ठेवली.

"पहाटे जन्मलेल्या सगळ्यांचं चुकतंय?"

"सातच्या आत जन्मलेल्या सगळ्यांचं."

"मी साडेपाचची," बू सुमिनार म्हणाल्या.

मला कळेना. त्यांनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला, बोटाने सरकवत सरकवत एक पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. शेवाळी हिरव्या रंगावर त्यांचं नाव, त्यांच्या नवऱ्याचं नाव. बाकी एक. पेगात.

"तुला काय वाटलं, नवं यंत्र आलं की मी आधी तुमचं बघेन? आधी माझं बघितलं." त्या भिंतीवरच्या चौकटीकडे न बघता बोलत होत्या. "तो कागद बघितलास ना? राणी. तो निघून गेला तेव्हा माझी सासू त्याच्याखाली उभी राहून म्हणाली, कागद चुकत नाही. मग चुकलं कोण? पंधरा वर्षं मी तेच शोधतेय. भात कच्चा राहिला होता का, आवाज चढला होता का. राणीचा संसार मोडला म्हणजे राणीनेच मोडला, नाही का? आणि तुझ्या यंत्राने पहिल्या फटक्यात सांगितलं, बाई, हे मोडणारच होतं. तू काही केलं नाहीस."

मी लाडू खाली ठेवला.

"म्हणून मी तुमचा कागद काढायला धावले. म्हटलं, माझ्याबद्दल जे खरं बोललं ते तुमच्याबद्दलही खरंच बोलेल. आणि आधी नाही म्हटलं होतं ते तुझ्यावरच्या रागाने नाही गं. माझ्या कागदावर राणी होती तरी माझं हे झालं. तुमच्यावर तर सरळ काडीमोड लिहिलेलं. मी घाबरले होते."

"बू, पण ते चुकून बोललं. यंत्राला काही माहीत नव्हतं."

"आणि म्बाह कर्तोंना माहीत होतं?"

दोन वर्षं जिभेवर धरून ठेवलेलं ते तिखट वाक्य आत्ता बोलायला हरकत नव्हती, पण ते त्यांनीच बोलून टाकलं होतं, आणि माझ्याहून चांगलं.

"उद्या सकाळपासून ते मला पुन्हा राणी म्हणणार?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"आमच्या साहेबांच्या. त्यांचं घरी भांडण झालंय."

बू सुमिनार हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच एवढं हसताना पाहिलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग ते पाणी थांबेना. मी जवळ सरकले. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने नाक पुसलं.

"मुर्नीचं दुकान किती वाजता बंद होतं?"

"पाचला."

"मग ऊठ. तुझी गाडी काढ. माझाही एक कागद छापून आणायचाय, शिक्क्याचा. आजच्या तारखेचा."

"आणि लग्न?"

"लग्नाचं काय? कागद आहे की माझ्याकडे. मुर्नी छापलेला कागद परत घेत नाही." चप्पल पायात सरकवत त्या म्हणाल्या, "आणि हे बघ, आजपासून तू बुधवारची. तुझ्या आईला मी सांगेन. पहाटे कुणाला घड्याळ दिसतंय?"

दुकान बंद व्हायच्या आत आम्ही पोचलो. यंत्राने आपला ठरवलेला वेळ घेतला, कारण तो थांबण्याचा कोड माझाच होता, आणि बू सुमिनार हात जोडून समोर उभ्या राहिल्या. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्ती चढवली. साहेबांची बायको शांत झाली, साहेब आत झोपायला लागले, आणि पहाटे जन्मलेले सगळे जावानी लोक मुकाट्याने आपापल्या वारी परत गेले. मी सोडून.

लग्न त्याच मांडवात, त्याच झालरीखाली झालं. माझ्या कपाळावरची नक्षी बू मुर्नींनी काढली, तोंडातून चकार शब्द न काढता. ओट्यावर लोकांची ये-जा चालली होती आणि भिंतीवर दोन चौकटी होत्या. एकीत आमचा कागद, राणीचा. दुसरीतून म्बाह कर्तोंचं हस्ताक्षर गेलं होतं आणि तिथे बू सुमिनारांचा नवा कागद होता, काडीमोडाचा, शिक्क्यासकट. येणारा प्रत्येक जण तो वाचायचा, एकदा बू सुमिनारांकडे बघायचा आणि मुकाट्याने भाताच्या रांगेत जायचा. त्या दिवशी कुणीही 'कामाला गेलेत का' असं विचारलं नाही.

जेवणं चालू असताना दामारची आत्या यात्मी फोन नाकाशी धरून आली. असं कुणीतरी येणार हे मला माहीतच होतं. माझ्या हातातला घास तिथेच थांबला. दामारने टेबलाखालून माझा पाय दाबला.

"वहिनी, मी सहज या दोघांचं घालून बघितलं," आत्या चारचौघांत म्हणाली. "यात तर बाकी एक येतेय. आणि तुमचं घातलं तर राणी येतेय. भिंतीवर सगळं उलटंच लावलंय की काय तुम्ही?"

बू सुमिनार आत्याच्या ताटात आणखी एक चमचा भात वाढत म्हणाल्या, "त्या यंत्राचं सोड गं. चांगलं चाललं होतं, दुरुस्त केल्यापासून बिघडलंय."